गोठ्यातला चित्रकलेचा तास

विश्राम सर उद्या ‘हो’ म्हणून टाकतील, ही धास्ती काही केल्या मनातून जात नाही. माझी जान्हवी तिसरीत आहे आणि सर तिच्या शाळेत चित्रकला शिकवतात. संस्थेचे अध्यक्ष हैबतराव यांनी त्यांना बजावलंय, मुलांना फाटकाबाहेर नेणं बंद करा, वर्गात छापील चित्रं रंगवून घ्या. नाहीतर जूनपासून येऊ नका. उत्तर उद्या द्यायचंय.

सर जवळच्याच भरे गावचे. तरुणपणी पौड रस्त्यावर पाट्या रंगवायचे. ‘प्लॉट विकणे आहे’ हे किती भिंतींवर लिहिलं ते त्यांनाच आठवत नाही. त्या कमाईतून पुण्याला जाऊन कलाशिक्षकाची पदविका घेतली. मग फ्लेक्स आले आणि पाट्या संपल्या. आता ही नोकरीच काय ती.

पहिल्याच तासाला त्यांनी म्हैस काढायला सांगितली. आमच्यासारख्या, नोकरीसाठी पुण्याजवळच्या या चांदे गावात येऊन राहिलेल्यांची मुलं ती. बहुतेकांनी गाय काढून काळी रंगवली. सरांनी एकाच्याही कागदाला हात लावला नाही. पुढच्या गुरुवारी वर्गच उठवून रस्त्यापलीकडे गोजराबाईंच्या गोठ्यात नेला. आधी बघायचं, पाठीवरून हात फिरवायचा, मग काढायचं.

हे जान्हवीने घरी येऊन सांगितलं. लाथ बसली तर? पुढच्या तासाला मी बघायलाच गेले. गोजराबाई जान्हवीचा कागद हातात धरून उभ्या होत्या.

“अगं बया! इतकी वाळकी म्हस? लोक म्हनतील, म्हातारी चारत न्हाई हिला!”

“आजी, मला अशीच दिसली.”

“कुटनं बघितलीस? हितं ये. गाभन हाय ती. प्वाट बघ केवढं हाय!”

“मावशे, तूच घे की तास,” सर म्हणाले.

“पगार किती देतुयास ते सांग आदी!”

जान्हवी दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. नव्या कागदावरची म्हैस पिंपासारखी झाली, पण गोजराबाईंनी ती लगेच ओळखली.

मग जान्हवीच्या वर्गातल्या ऋतिकाचे बूट शेणाने भरले आणि तिचे बाबा शाळेत आले. “आम्ही फी काय गोठ्यासाठी भरतो?” पालकसभेत सगळे त्यांच्याच बाजूने बोलू लागले. हैबतरावांची अडचण मात्र वेगळी होती. “शेनाचं सोडा वो. रस्त्यावर डंपर पळत्यात. एवढ्या पोरांमागं एकटा मास्तर. दुसरं माणूस सोबत असंल तर माझी हरकत न्हाई. पण मी शिक्षक कुटनं आनू?”

आज फाटकाशी सर भेटले. मी विचारलं, “काय ठरवलंत?”

“घरी दोन लेकरं आहेत, ताई. घेईन रंगवून छापील.” मग हसून म्हणाले, “रंग रेषेबाहेर गेला नाही पाहिजे, एवढंच बघायचं. सोपं काम आहे.”

त्यांचं हसणं तेवढ्यावरच विरलं.

डंपरची भीती मलाही आहेच. हैबतरावांपेक्षा जास्त असेल. पण गुरुवारी दुपारी मी घरीच असते. मुलांचे हात धरून रस्ता ओलांडायला शिक्षकच कशाला लागतो? सकाळी सर शाळेत पोचायच्या आत मी हैबतरावांना फोन करणार आहे. दुसरं माणूस म्हणून मी येते, असं सांगणार आहे.