रिसालदारांचं विमान

रिसालदारांच्या शब्दकोशात ‘पडलं’ हा शब्दच नव्हता. त्यांचं विमान ‘जरा घाईनं उतरायचं’, नाहीतर ‘वाऱ्यानं खाली बोलावून घेतलेलं’ असायचं. एकदा तर नाक जमिनीत रुतून शेपटी आभाळाकडे उभी राहिली. रिसालदार शांतपणे म्हणाले, ‘‘लँडिंग झालं. फक्त उभं झालं.’’

ते जुन्या शहरात पाणीगेटला राहायचे. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, हे ते दर रविवारी एकदा तरी ऐकवत, म्हणून आमच्यासाठी ते रिसालदार. स्वतः त्यांनी जन्मभर लोकांचे विजेचे मीटर तपासले होते, पण त्याबद्दल अवाक्षर नाही. विमानाला ते घोडा म्हणत. हातातल्या यंत्राला कुणी रिमोट म्हटलं की मात्र भडकत. ‘‘रिमोट टीव्हीला असतो! हा ट्रान्समीटर आहे.’’

मांजलपूरच्या पुढे, सोसायट्या संपतात तिथं रमणभाईंचं एक पडीक शेत आहे. रविवारी सकाळी आम्ही मंडळी तिथं रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवायला जमतो. घरचे याला खूळ म्हणतात आणि त्यांचं काही फार चुकत नाही. आमचा एकच नियम: ज्याचं विमान पडेल त्यानं सगळ्यांना सेवउसळ खिलवायची. रिसालदारांनी ती कधीच खिलवली नाही. त्यांचं पडतच नव्हतं ना! शेजारच्या एरंडातून मोडका पंख उचलून रमणभाईसुद्धा रिसालदारांच्याच शब्दांत, पण गुजरातीत ओरडायचे, ‘‘काका, तमारुं विमान अहीं उतर्युं छे!’’

त्या शेतावर मी एकटीच बाई. पहिल्या दिवशी रिसालदार म्हणाले, ‘‘ताई, हे भाकरी थापण्याइतकं सोपं नाही हं.’’ मी म्हटलं, ‘‘एकदा थापून बघा.’’ पुढच्या रविवारी आल्या आल्या म्हणाले, ‘‘थापली. नकाशा झाला.’’ आणि मला शिकवायला लागले. विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं, नवशिक्याची तिथं पार भंबेरी उडते. ते म्हणायचे, ‘‘खालून बघू नका. वर बसा. स्वार घोड्यावर बसलेला असतो.’’ माझं पहिलं विमान त्यांनीच रंगवून दिलं, स्वतःच्या विमानाचा उरलेला पिवळा रंग लावून.

त्या रंगानंच घोळ केला. एका रविवारी आम्हा दोघांची विमानं एकदम वर होती. एक पिवळं विमान झोकात गिरकी घेऊन आलं आणि रिसालदार ओरडले, ‘‘बघा, कसं ऐकतंय!’’ ते माझं विमान होतं आणि ऐकत होतं माझं. त्यांचं केव्हाच एरंडात गेलं होतं. तरी ते आपले खटके हलवत, मान डोलावत उभे! मी सांगितल्यावर म्हणाले, ‘‘दोन्ही पिवळी रंगवणाऱ्याची चूक आहे.’’ त्या दिवशी नेहमीसारखं कुणी हसलं नाही.

तपासणीत त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नव्हती. विमान उद्या कुणाच्या डोक्यात बसलं तर? त्यांना थांबवायला हवं, हे सगळ्यांना पटत होतं, पण सांगायला एकही शूर पुढे येईना. काकू गेल्यापासून त्यांचा आठवडा रविवारपुरताच उरला होता. तोही काढून घ्यायचा म्हणजे पाप वाटत होतं.

शेवटी आम्ही अक्कल लढवली. दुरुस्तीच्या निमित्तानं त्यांचं विमान घरी नेलं आणि गुपचूप माझ्या ट्रान्समीटरला जोडून टाकलं. त्यांच्या पाठीमागे उभी राहून मी उडवायची. पुढे ते आपला ट्रान्समीटर गळ्यात अडकवून खटके हलवायचे आणि म्हणायचे, ‘‘आज घोडा खुशीत आहे.’’ म्हाताऱ्याला फसवून सुखात ठेवल्याचा आम्हाला कोण अभिमान!

मग एकदा वळणावर माझा अंगठा चुकला आणि विमान सगळ्यांदेखत दाणकन आपटलं. आता काय सांगायचं? रिसालदार मागे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, ‘‘पडलं. माझ्या हातून पडलं. चला, सेवउसळ माझ्याकडून!’’ उमर झाली की माणूस नरमतो, असं आम्ही सेव चुरत एकमेकांना सांगितलं.

यंदा मुलगा त्यांना बेंगळुरूला घेऊन गेला. निघायच्या आधीच्या रविवारी त्यांनी ट्रान्समीटर माझ्या गळ्यात घातला. हलका लागला म्हणून मी मागचं झाकण उघडलं. आत एकही सेल नव्हता.

‘‘कधीपासून?’’ मी विचारलं.

‘‘पहिल्याच दिवशी कळलं. मी डावीकडे वळवायच्या आधीच मोटरचा आवाज डावीकडे गेला. म्हटलं, चुकून माझाही चालू असायचा. दोघांनी लगाम ओढला की घोडा बावचळतो. दिले सेल काढून.’’

मी झाकण परत लावलं. ‘‘मग त्या दिवशी माझ्या हातून पडलं तेव्हा...’’

‘‘अहो ताई, तुम्ही नवख्या. तुमचं नाव खराब झालं असतं,’’ रिसालदार म्हणाले. ‘‘माझं आजवर एकही पडलं नव्हतं. एखादं माझ्या नावावर खपून गेलं.’’