खंडेनवमीचं फावडं

आबांचे हात बांधलेले बघितले आणि माझं डोकंच फिरलं. माझे आजोबा, केरू शेलार, एकाहत्तरच्या लढाईतले हवालदार, आणि त्यांना ओढणीने पलंगाच्या दांड्याला बांधायचं? जनावर आहे का ते? पण खरं सांगायचं तर घरी ठेवलेल्या नर्सचा ओठ फुटला होता आणि तो आबांनीच फोडला होता.

"मॅडम, मैं क्या करूँ? सबको मारते हैं," ती बिचारी बर्फ लावत म्हणाली.

डॉक्टरांनी हात टेकले होते. घरी न्या म्हणाले. म्हणून इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफा हलवून हॉलमध्ये पलंग टाकला होता. आबांना शुद्ध नव्हती, हात मात्र गप्प बसत नव्हते. दोन्ही मुठी एकीवर एक धरायचे, खांद्याच्या वर न्यायचे आणि दाणकन खाली आणायचे. गादीवर, दांड्यावर, स्वतःच्याच मांड्यांवर. मांड्या काळ्यानिळ्या पडल्या होत्या. वर "मर! मर की रं!" असं ओरडणं. माझी ओवी दारातून बघत म्हणाली, "मम्मा, हू इज ही हिटिंग?" मी तिला आत पिटाळलं. काय सांगणार होते, कपाळ?

अण्णा, म्हणजे माझे वडील, उशाशी बसून होते. आमचं सगळ्यांचं बोलून झाल्यावर ते एकच म्हणाले, "स्वप्ने, कुठल्या खड्ड्यात असतील गं हे? एका खड्ड्यात यांनी माणूस मारला, दुसऱ्यातून मला काढलं. पहिल्यातच अडकून गेले तर?"

मला रडूच फुटलं.

आमचं गाव साताऱ्याकडचं, घरटी एक माणूस फौजेत. आबा पेन्शन घेऊन गावी आले तेव्हा लोकांना एका गोष्टीचं फार हसू यायचं. हा गडी फावड्याला हात लावत नाही! शेतात पाणी फिरायला लागलं तरी बांधावर उभा राहून आजीला हाका मारणार. "फौजी झाला ना, मातीची लाज वाटते," म्हणायचे. आणि हाच माणूस खंडेनवमीला पूजेत काय मांडायचा? तलवार नाही, कोयता नाही, फावडं. त्याला हळदकुंकू, झेंडू, नारळ. आजीने एकदा विचारलं तर म्हणाले, "वर्साचं एकदा हात जोडायचं. म्हंजी ते झोपून ऱ्हातं." आजीला वाटलं, म्हाताऱ्याचं सटकलं.

पुढे ते इकडे आले, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात गेटवर सिक्युरिटीला. मागोमाग अण्णांनाही त्याच कंपनीत पाइपलाइनच्या कामाला चिकटवलं. तिथे सातारा, बीड आणि कोकणातली पोरं होती. दर खंडेनवमीला दुपारच्या सुट्टीत शेडमध्ये सगळ्यांची हत्यारं धुऊन मांडायची, पहार, घण, पाने, फावडी, आणि आबा पूजा सांगायचे. नियम एकच. पूजेत बसलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. फोरमन मल्याळी होता, पण भला. "यल्ला, चलो, पूजा फिनिश करो, आज हाफ डे," म्हणायचा.

एका वर्षी आरतीच्या आधी अण्णांच्या लक्षात आलं की त्यांचं फावडं खड्ड्यातच राहिलं. सगळ्यांची हत्यारं पूजेत आणि आपलं तेवढं मातीत? हे गेले धावत. पाइपलाइनच्या पुरुषभर खोल चरात उतरले, फावड्याला हात घातला, आणि बाजूची वाळू बसली. अख्खी भिंत. ओरडायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

वाळू कोसळल्याचा आवाज ऐकून पोरं धावत आली आणि हातांनी वाळू उपसायला लागली. मूठभर काढली की घमेलंभर आत. नखं उलटली. आणि मागे शेडमध्ये इतकी फावडी रांगेत पडली होती, कुंकू लावून! एकालाही उचलायचं सुचलं नाही. मूर्ख कुठले! मला आजही ऐकताना त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

आबा गेटवरून आले. त्यांनी बघितलं, शेडमध्ये गेले, लाथेने ताट उडवलं, नारळ गडगडत गेला, आणि लढाईनंतर पहिल्यांदा त्या माणसाने फावडं हातात घेतलं. आणि मग खणलं म्हणू की मारलं म्हणू? वाळूवर घाव घालत होते. "आबा, हळू! डोक्याला लागंल!" पोरं ओरडत होती. एकाने हात धरला, त्याला कोपराने असा हाणला की त्याचा दात पडला. मग एका घावाला वाळू लाल झाली. आबांनी फावडं फेकलं, तिथेच गुडघ्यावर बसून हातांनी उकरलं आणि अण्णांना केसाला धरून वर ओढलं. डाव्या कानाचा वरचा अर्धा भाग गेला होता. तोंडात वाळू, नाकात वाळू. अण्णांनी खोकून पहिला श्वास घेतला आणि आबांनी त्यांना दोन सणसणीत ठेवून दिल्या.

"फावड्यापायी जीव देतुस व्हय रं, भाड्या?"

त्या रात्री हॉस्पिटलात, कानाला पट्टी बांधलेल्या मुलाला आबांनी पहिल्यांदा सांगितलं. एकाहत्तरला खंदकात रायफल अडकली आणि समोरून शत्रूचा एक पोरगा अंगावर आला. आबांच्या हातात फावडंच होतं. पहिल्या घावात मेला नाही तो. "मर की रं, मर की रं म्हनत व्हतो," आबा म्हणाले, "आन् त्यो माझ्याकडंच बघत व्हता." नंतर पुन्हा कधी त्यांनी ते काढलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

तर पलंगाशी बसलेल्या अण्णांनी उठून ती ओढणी सोडली. मी ओरडले, "अण्णा, वेड लागलंय का? मारतील!" मारलंच. दोन्ही मुठी अण्णांच्या छातीवर, मग तोंडावर. नाकातून रक्ताची धार लागली. "मर! मर की रं!" अण्णा मागे सरले नाहीत. उलट वाकले, आबांची एक मूठ पकडली, बोटं जबरदस्तीने उघडली आणि आपला तुटका कान त्यात दिला.

आबांचा अंगठा त्या कडेवरून फिरला. पुन्हा फिरला.

"कोन हाय?"

"मी समाधान, आबा."

"निगालास?"

"निघालो, आबा. तुम्हीच काढलं मला."

आबांनी डोळे उघडले नाहीत. हात तेवढा कानावरून निघाला, थोडा वर गेला आणि अण्णांच्या गालावर पडला. चापटच ती, पण ताकद कुठली उरलेली? माशीसुद्धा उडाली नसती.

"फावड्यापायी..." एवढंच म्हणाले. मग दोन्ही हात चादरीवर ठेवले आणि छातीही हलायची थांबली.

ओवी आतून धावत आली. "ही हिट यू, आजोबा! यू आर ब्लीडिंग!"

अण्णांनी तिच्याकडे बघितलंच नाही. ओठांवर आलेलं रक्त तसंच, गाल पुढे करून ते वाकून उभे होते.

"दुसरी मारा की, आबा," ते म्हणत होते. "त्या दिवशी दोन मारल्या होत्या."