बंदी उठवायची कोणी?

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, आणि कायद्याचं माझं हे पहिलंच वर्ष. तेव्हा 'निरसन' या शब्दावर मी लिहावं हे जरा आगाऊपणाचंच आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. निरसन म्हणजे असलेला कायदा रीतसर रद्द करणं. मला तो शब्द खरा कळला धडगावजवळच्या आमच्या पाड्यावर, दिवाळीच्या सुट्टीत.

थोरल्या भावाला नाल्यापलीकडच्या पाड्यातली मुलगी आवडली होती. पण दोन्ही पाड्यांच्या पंचांनी पूर्वी कधीतरी भांडून एकमेकांत सोयरीक बंद केली होती.

"ते सगळे पंच वारले. बंदीही गेली त्यांच्याबरोबर," भाऊ म्हणाला.

मी चाचरत म्हणालो, "दादा, करणारे गेले म्हणून कायदा जात नाही. त्याचं निरसन करावं लागतं. बंदी दोन्ही पाड्यांनी मिळून घातली, तर दोघांनीच बसून उठवायची."

"तू माझा भाऊ की त्यांचा वकील?"

बाबा हसले. "वकील खरं बोलतोय. पळवून आणलीस तर सून येईल, पण व्याही येणार नाहीत. मी बोलावतो दोन्हीकडच्यांना."

बैठकीआधीच माझी सुट्टी संपली. पाड्यावर मोबाइलला रेंज नाही, म्हणून नंदुरबारला मी नुसता वाट पाहत राहिलो. शेवटी धडगावच्या जीपवाल्याचा फोन आला: बंदी लगेच उठली, लग्न होळीनंतर आहे, आणि वरातीत कोणत्या पाड्याचा ढोल पुढे राहणार यावर बैठक अजून चालूच आहे.