रिलीव्हर आल्याशिवाय

आईचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ताट घेऊन उभी होते. "तुझे अण्णा सकाळपासून फोनसमोर बसल्यात. पाणीसुद्धा घेत न्हाईत. कोण पोलीस हाय म्हणं." ताट तसंच ठेवलं, अर्धी रजा टाकली आणि चाकणहून स्कूटी सरळ कुरुळीला घरी हाणली.

अण्णा खाटेवर ताठ बसले होते, अंगात इस्त्रीचा शर्ट. समोर डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर खाकी वर्दीतला एक जण दरडावत होता. तुमच्या आधार कार्डावर काळा पैसा फिरलाय, चौकशी संपेपर्यंत फोन बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. तीन वाजता फोन खिशात चालू ठेवून बँकेत जा, एफडी मोडा, आम्ही सांगू त्या खात्यात भरा. एफडीची पावती शेजारी काढून ठेवलेली. त्याच एफडीवर आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं.

मी फोनला हात घातला तर अण्णांनी माझं मनगट धरलं. "चालू हाय. सोडायचं न्हाई."

माझं डोकं फिरलं. त्या माणसासमोरच मी ओरडले, "अक्कल गहाण ठेवलीत का अण्णा?" त्यांनी खाली पाहिलं, पण मनगट सोडलं नाही. ते पाहणं अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

बत्तीस वर्षं या माणसाने कारखान्यात पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालवलं. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय चालू मशीन सोडून उठायचं नाही, हा त्यांचा धर्म. माझा जन्म झाला त्या दिवशीही रिलीव्हर आला नाही म्हणून ते दुसरी पाळी करून मगच दवाखान्यात आले होते. आई अजून त्यावरून टोमणे मारते. त्या भामट्याला यातलं काही ठाऊक नसणार, पण नेमका असाच माणूस त्याच्या हाती लागला होता.

माझी आरडाओरड चालू असताना आई बाहेर पडली. दुखऱ्या गुडघ्यांनी गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि गॅरेजवाल्या चाचांना घेऊन आली. गॅरेज टाकण्याआधी चाचा त्याच प्रेसवर अकरा वर्षं अण्णांचे रिलीव्हर होते. ते दारात चप्पल काढून, ग्रीसचे हात पुसत आत आले.

"दादा, सेकंड शिफ्ट आली. उठा."

अण्णांनी मान वर केली.

"काय राहिलंय?" चाचांनी विचारलं.

"सायब लाइनवर हायेत. तीन वाजता बँकेत जायाचंय."

"बरं. आता माझ्याकडं."

आणि अण्णा उठले. माझ्या ओरडण्याने जे झालं नाही ते एका वाक्यात झालं. चाचा त्यांच्या जागेवर बसले आणि फोनमध्ये म्हणाले, "मी यांचा रिलीव्हर. बोला साहेब." पलीकडून शिवी आली. चाचांनी शांतपणे फोन बंद केला. त्याच दुपारी आम्ही सायबर पोलिसांत तक्रार दिली, बँकेतही सांगून ठेवलं.

नंतरचे आठ दिवस अण्णा पारावर गेले नाहीत. लाज वाटत होती त्यांना, आणि मला माझी. मी माफी मागितली. "तुझं बराबर व्हतं," एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. ती वॉकर सोडून अंगणात चालायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. मी रविवारची घरी होते. चाचा धावत आले, फोन कानाला, तोंड पांढरंफटक. "दादा, पोराचा ॲक्सिडंट झालाय म्हणतात. आत्ता पैसे पाठवा म्हणतात."

मी तोंड उघडणार तोच अण्णा उठले. चाचांना खुर्चीवर बसवलं आणि हात पुढे केला.

"आण इकडं, भावा. तुझी पाळी संपली."

चाचांनी फोन दिला. अण्णांनी तो कट केला आणि स्वतःच्या मोबाइलवरून चाचांच्या मुलाला लावला. तो निघोज्यातल्या कंपनीत कामावर होता, जेवायला बसला होता. अण्णांनी त्याला भाजी कसली आहे ते विचारलं आणि मगच फोन चाचांच्या हातात दिला.