पोशीरच्या वैद्याचा हात

बी.ए.ची परीक्षा तोंडावर आली होती, तरी शिमग्याला मी कडावला घरी गेलो. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला, आणि गावातून कॉलेजात गेलेलाही मीच. म्हणून त्या वर्षी होळीचं झाड, तोडलेली सावर, रानातून खांद्यावर नाचवत आणताना बुंध्याकडचा मान मला मिळाला. मान म्हणजे सगळ्यात जास्त वजन. बांधावरून उतरताना पुढचे गडी आरोळी ठोकून उड्या मारायला लागले, माझा पाय घसरला आणि सगळा भार माझ्या उजव्या खांद्यावर आला. मी भक्तीने खाली बसलो असं लोकांना वाटलं. त्यांनी आणखी एक आरोळी दिली.

सकाळी बाने पोशीरहून हाडवैद्य आणले. ते आमच्यासारखेच भातशेती करणारे. मी त्यांना काका म्हणे. त्यांनी आंबेहळद, अंडं आणि कसली तरी साल वाटून लेप लावला, वर बांबूच्या कामट्या बांधल्या. पैसे ते घेत नसत, नारळ घेत. पण त्यांच्या घराण्याचा एक नियम होता. त्यांनी बांधलेलं दुसऱ्या कुणी सोडायचं नाही, आणि सोडलं की पुन्हा बांधेपर्यंत त्यांचा हात सांध्यावरून निघता कामा नये. नियम मोडला तर वैद्याचा हातगुण जायचा. मग तालुक्यातलं कुठलंच हाड त्यांच्या हाताला जुळणार नाही.

सूज ओसरली, पण हात वर जाईना. कर्जतचे डॉक्टर म्हणाले, "कल्याणला जाऊन एक्स-रे काढा. हाड मोडलं असेल तर प्लास्टर घालावं लागेल आणि परीक्षा विसरावी लागेल. नुसता मुका मार असेल तर परीक्षेला खुशाल बसा." मला एवढंच कळायला हवं होतं. वसतिगृहाने मला इतकी वर्षं फुकट जेवू घातलं होतं, पण ते याच परीक्षेपर्यंत. नापास झालेल्याला तिथे दुसरं वर्ष नव्हतं.

वैद्यकाका म्हणाले, "मंग आमी बी येतो. सोडंल कोण?"

अशी आमची वरात कर्जत स्टेशनात उभी राहिली. स्वातंत्र्याच्या चळवळीचे दिवस होते, धरपकड चालू होती. वैद्यकाकांच्या अंगात कुठून तरी मिळालेला खाकी कोट होता, त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता, आणि मागून बा बोचकं घेऊन चालत होता. एक गृहस्थ माझ्याजवळ आले, माझ्या डाव्या हातात दोन केळी कोंबून पुटपुटले, "धीर सोडू नका. देश तुमच्या पाठीशी आहे." मी खरं सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी काकांकडे जळजळीत नजर टाकून पाठ फिरवली. केळी बाने खाल्ली.

कल्याणच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं, "लढाईमुळे फिल्म मिळत नाही. ही एकच उरली आहे. पुढची कधी येईल सांगता येत नाही. तेव्हा अजिबात हलायचं नाही."

मग काका पूर्वेकडे तोंड करून बसले आणि गाठी सोडू लागले. लेपाचा वास खोलीभर पसरला. डॉक्टरांनी रुमाल नाकाला लावला. माझ्या पाठीमागे फिल्म ठेवून ते म्हणाले, "आता बाजूला व्हा."

"हात काडायचा नाय, सायेब."

"अहो, मला खांद्याचं हाड बघायचंय!"

"बगा की. मी कुटं नको म्हंतोय?"

बाने मध्ये पडून काकांना हात जोडले. पोराचं साल जाईल, म्हणाला. काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि जड मनाने हात काढून दोन पावलं मागे सरले. डॉक्टर पडद्याआड गेले. दिवा मालवला. यंत्र गुरगुरू लागलं.

"सांदा हातातनं सुटला रं!" काका अंधारात ओरडले, आणि त्यांचा पंजा थाडकन माझ्या खांद्यावर बसला.

डॉक्टरांनी फिल्म धुतली. ती ओलीच घेऊन ते बाहेर आले आणि त्यांनी ती खिडकीपाशी धरली. माझ्या खांद्यावर एक सांगाड्याचा पंजा पसरला होता, बोटातल्या कड्यासकट. यमाने मला ओळखून हाक मारावी तसा.

"यात कुठली रेघ याची आणि कुठली तुमची, कसं सांगू?" डॉक्टर म्हणाले. मग फिल्म डोळ्यांजवळ नेली. "तुमचा अंगठा कधी मोडला होता?"

"ल्हानपनी. बैलानं दाबला. मीच बसवला."

"वाकडा बसलाय."

काकांनी अंगठा उन्हात धरून सगळीकडून पाहिला. "मोप चालतोय की," ते म्हणाले. पण दुसरा हात माझ्या खांद्यावर होताच.

माझ्या हाडाचं काहीच कळलं नाही. कळत नाही तर प्लास्टर घालणंच सुरक्षित, असं डॉक्टरांचं मत पडलं. काकांचं मत, आपलं बांधलेलंच बरं. दोघांचं एकमत एवढ्यावरच झालं, की खांदा हलता कामा नये. मी रडवेला होऊन विचारलं, "खांदा न हलवता लिहिता येईल का?"

डॉक्टरांनी समोर कागद ठेवून टाक दिला. "लिहून बघ."

मी मनगटाने तीन-चार अक्षरं लिहिली. पुढे सरकायला दंड उचलावा लागणार, तोच काकांनी खांदा दाबून धरला. "हालू नको म्हनलं ना!" आणि चिडून मोकळ्या हाताने कागदच डावीकडे ओढला. मी पुढची अक्षरं लिहिली. त्यांनी पुन्हा ओढला. ओळ पुरी झाली.

डॉक्टर खुर्चीत बसले. "बांधा," ते काकांना म्हणाले. "तुमच्याच कामट्या बांधा. पण याचा खांदा हलला तर मी जबाबदार नाही."

परीक्षेत कागद ओढायचं काम माझ्या डाव्या हाताने केलं. त्याला ते नीट जमत नसे. ओळी उतरणीला लागत आणि पानाच्या तळाशी एकमेकींच्या अंगावर जात. लेपाला वास सुटला होता, म्हणून पर्यवेक्षकांनी माझं बाक भिंतीशी नेलं. पहिल्याच दिवशी ते जवळ येऊन कामट्यांकडे पाहत म्हणाले, "हे काय आहे?" मी उभा राहून सगळं सांगू लागलो, झाडापासून. त्यांनी अंगठ्यापर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "बसा, वेळ जातोय."

मी बसलो, कागद सरळ केला आणि दुसरा प्रश्न सोडवायला घेतला. त्या सगळ्या पेपरांत मला एकही पुरवणी लागली नाही. पास झालो.