शामरावांच्या आक्का

आमच्या घरमालकीण आक्का टीव्हीवरच्या माणसांना जेवायला बोलवायच्या. मालिकेतला कुणी दमून घोड्यावरून उतरला, की हातातली मेथी बाजूला सारून म्हणायच्या, "ये बाबा, टेक जरा. दोन भाकरी टाकते." कुणी खोटं बोललं की त्या पदर खोचून त्याच्याकडे पाठ करून बसायच्या आणि त्याचा प्रसंग संपला की मला विचारायच्या, "ग्येला का त्यो?"

मी परभणीकडचा. पुण्याजवळ महाळुंग्याच्या एका कंपनीत डिझाइन विभागात होतो आणि चिखलीत आक्कांच्या घरात दुसऱ्या मजल्यावर सहा वर्षं राहिलो. आक्का मूळच्या तिथल्याच. जिथे त्यांची ज्वारीची पट्टी होती तिथेच आता ही तीन मजली इमारत उभी होती. खाली त्या एकट्या, वर आम्ही भाडेकरू. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गुरुवारी आमच्या कंपनीला सुट्टी. दुपारची जेवणं झाली की आक्का जिन्यात येऊन हाक मारायच्या, "सुधीर, ये रं, लाव आपलं." मोठा टीव्ही त्यांचा, मालिकांचं खातं माझं.

त्या दिवसांत आम्ही एक परदेशी मालिका बघत होतो. बर्फाच्या डोंगरातली राणी, दक्षिणेकडच्या समुद्रातली जहाजं, बोलणारी झाडं, शाप, गाद्यांसाठी मारामाऱ्या. चार जाडजूड कादंबऱ्यांवरून केलेली. त्या चारही मी कॉलेजात असताना पारायणं केल्यासारख्या वाचल्या होत्या. आक्का हिंदी डबिंगमध्ये बघायच्या. काही अडलं तर मी पुस्तकातलं सांगायचो आणि माझा भाव वाढायचा.

पुस्तकातला जहाजाचा कप्तान गोरा, तांबड्या केसांचा. मालिकेत त्यांनी तो काळा केला होता. चांगला कोळशासारखा काळा, रुंद खांद्याचा, हसला की सगळा पडदा उजळायचा. आणि बर्फातली ती पांढरीफटक राणी त्याच्यावर जीव टाकते. मला ते सहन झालं नाही. कादंबरीच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता, त्यावर मी लांबलचक पोस्ट लिहिली. ही मूळ कथेशी गद्दारी आहे, उगाच आजच्या फॅशनसाठी जोडी जुळवली आहे, असं बरंच काही. लोकांनी खूप वाहवा केली. त्या आनंदात मी आक्कांनाही सांगितलं.

आक्का वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "पुस्तकात गोरा व्हता, मंग?"

"मंग काय आक्का, लिहिणाऱ्यानं लिहिलंय तसंच दाखवायला पाहिजे ना?"

"त्याला तवा सुचलं नसंल. आता सुचलं." त्यांनी एक शेंग सोलली. "आन तू का एवढा तापतोस? तू बी काळाच हायस की. तुला कुणी जहाज दिलं आसतं तर नगं म्हनला आसतास व्हय?"

मी हसलो. पण ते लागलं. त्याच वर्षी दोन मुलींच्या घरून मला नकार आला होता. एकांनी निरोपच तसा दिला होता, की मुलगा चांगला आहे, पण रंगानं फार डावा आहे. हे मी आक्कांना कधी सांगितलं नव्हतं. आज हे लिहिताना मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे मी जे वागलो त्याचं मूळ शोधायला गेलो की मी फिरून इथेच येतो.

पुढे आमच्या कंपनीत सॅम्युएल नावाचा टांझानियाचा एक विद्यार्थी वर्षभराच्या प्रोजेक्टसाठी आला. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तो शेवटच्या वर्षाला होता. त्याला महाळुंग्याच्या जवळपास खोली हवी होती. एजंट फोनवर हो म्हणायचे आणि त्याला बघितलं की खोली भरलेली असायची. ही गोष्ट मी आक्कांना गंमत म्हणून सांगितली. आक्का हसल्या नाहीत.

"जहाजवाल्याच्या मुलखातला हाय का?"

"तसंच समजा."

"मंग घिऊन ये की. माझी वरची खोली रिकामीच हाय."

सॅम्युएल दारात वाकून आत आला. आक्कांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ब्येस हाय. माळ्यावरचं पातेलं आता ह्योच काढंल." त्यांना ते नाव म्हणता येईना. दोनदा जीभ अडखळल्यावर त्यांनी त्याचं शामराव करून टाकलं. आठ दिवसांत तो "जी आक्का" म्हणायला शिकला.

गुरुवारी तोही आमच्यात बसू लागला. कप्तान पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा तो पुढे सरकून बसला. भाग संपल्यावर मला इंग्रजीत म्हणाला, "लहानपणापासून असल्या गोष्टी बघतोय. आमच्यासारखी माणसं त्यात मशाली धरायला असतात, नाहीतर पहिल्या लढाईत मरायला. हा जहाज चालवतोय. आणि तिला तो आवडतो." आक्कांनी विचारलं, "काय म्हनतो त्यो?" मी सांगितलं, "त्याला मालिका आवडली." एवढंच सांगितलं.

पावसाळ्याच्या शेवटी सॅम्युएल तापाने फणफणला. आक्कांनी आपल्या भाचीला बोलावलं. रोहिणी ही त्यांच्या धाकट्या भावाची, नानांची मुलगी. चिंचवडच्या एका लॅबमध्ये कामाला होती. रक्त घ्यायला ती घरीच आली. सॅम्युएल इंग्रजीत पुटपुटला, की दर वेळी चार-पाच ठिकाणी टोचतात, माझी शीर कुणाला दिसत नाही. मी ते तिला सांगितलं. रोहिणी म्हणाली, "शीर डोळ्यांनी नसते शोधायची, बोटाला लागते." तिने डोळे जवळजवळ मिटून त्याच्या दंडाखाली बोट फिरवलं आणि पहिल्याच टोचणीत रक्त आलं. तो तिच्याकडे बघतच राहिला. आक्का माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी हळूच माझ्या कोपराला ढोसलं.

तेव्हापासून रोहिणीची लॅबमधली गुरुवारची पाळी लवकर संपू लागली. तिला इंग्रजी बेताचं, त्याला हिंदी बेताचं. दोघं सतरंजीच्या दोन टोकांना बसायची. मालिकेतली राणी आणि कप्तान एकमेकांकडे नुसतेच बघत राहिले की आक्का वैतागायच्या, "आरं बोला की! बोलल्याबिगर कसं कळंल?" आणि असं म्हणताना त्या टीव्हीकडे बघत नसायच्या.

दिवाळीनंतर एकदा रोहिणीनेच आक्कांना सगळं सांगितलं. आक्का मला म्हणाल्या, "नाना लई तरफडंल. पण मी त्याची थोरली भन हाय. बोलीन मी. पोरगा शिकल्याला हाय, आईवडलांना रोज फोन करतो, ताट सोताच धुतो. आजून काय बघायचं आसतं?" साठीच्या पुढची, चौथी शिकलेली बाई हे बोलत होती. आणि चार जाडजूड कादंबऱ्या वाचलेला मी म्हणालो, "आक्का, समाज काय म्हणेल?"

आता फॉर्मचं सांगतो. परदेशी भाडेकरू ठेवला की घरमालकाने त्याची माहिती ऑनलाइन भरून पोलिसांना कळवायची असते. सॅम्युएल राहायला आला त्याच दिवशी आक्कांनी त्याचे कागद माझ्या हातात दिले होते. "ह्ये तू भर बाबा. मला त्यातलं काय कळतंय?" त्या आठवड्यात कंपनीत ऑडिट होतं, तेव्हा राहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, मी म्हणालो, भरतो. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणालो, "झालं आक्का." का म्हणालो? अर्ध्या तासाचं काम होतं. रोज तासभर मी त्या चाहत्यांच्या ग्रुपवर घालवत होतो. कागद माझ्या टेबलाच्या खणात होते आणि खण उघडला की ते दिसायचे. रोहिणी यायला लागल्यावर मी तो खण उघडणंच बंद केलं.

रोहिणी माझी कुणी नव्हती. तिच्यावर माझं मन होतं असंही नाही. तसं असतं तर निदान एक कारण तरी सांगता आलं असतं. मला एवढंच खुपत होतं, की माझ्याहून काळा माणूस, परक्या देशातून आलेला, आणि त्याला कुणीतरी डोळे मिटून निवडलं.

आक्का भावाशी बोलणार होत्या, पण त्याआधीच कुणीतरी रोहिणी आणि सॅम्युएलला स्कूटरवरून जाताना बघितलं. नाना जमिनीच्या व्यवहारातला माणूस, गावात वजन असलेला. एका सकाळी त्यांनी मला कंपनीच्या बसथांब्यावर गाठलं. आवाज अगदी मऊ होता.

"सुधीरभाऊ, तुमी शिकलेली माणसं. त्या आफ्रिकेवाल्याचे कागद रीतसर हायेत ना? आक्काला नंतर तरास नको."

बस समोर येऊन उभी होती. "आक्कांना विचारा" म्हणून मी चढू शकलो असतो. संध्याकाळी घरी येऊन फॉर्म भरू शकलो असतो. मी म्हणालो, "फॉर्म भरलेला नसावा बहुतेक."

नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं सांगितलंत."

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी आक्कांना बोलावलं. ठेवणीतलं लुगडं नेसून त्या चौकीत दुपारपर्यंत बाकावर बसून होत्या. तिथे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, "आमच्या सुधीरनं भरलाय फॉर्म, बघा नीट." सॅम्युएलला दोन दिवसांत खोली सोडायला सांगितलं. कॉलेजात तक्रार गेली, त्याचं आमच्या कंपनीतलं प्रोजेक्ट बंद झालं. तो पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेला आणि परीक्षा झाल्यावर आपल्या देशी परतला.

चौकीतून आल्यावर आक्कांनी मला खाली बोलावलं. दमलेल्या होत्या. पायातल्या चपला तशाच होत्या.

"सुधीर, भरला व्हतास न्हवं रं?"

"भरला होता आक्का. साइटलाच काहीतरी प्रॉब्लेम आला असणार."

माझ्याकडे बघतच त्यांनी पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाल्या, "व्हय. मशीनचं काय सांगावं." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारख्या, "मी आडाणी. मी दुसऱ्या कुनाकडून बघून घ्यायला पायजे व्हतं. माझ्यापायी पोराचं नुकसान झालं."

जाताना सॅम्युएल त्यांच्या पाया पडला. आक्कांनी त्याच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी भरली आणि माळ्यावरची पातेली सगळी त्याच्याकडून खाली काढून घेतली. त्या गुरुवारपासून त्यांनी जिन्यात हाक मारली नाही. मालिकेचे शेवटचे भाग तसेच राहिले. रोहिणी दीड वर्ष घरच्यांशी झगडली. सॅम्युएलचे फोन यायचे, मग त्यांनी तिचा फोन काढून घेतला, नोकरी सोडायला लावली. शेवटी नानांनी तळेगावच्या एका घरात तिचं लग्न लावलं. आक्का लग्नाला गेल्या, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत आल्या. भावाशी त्या त्यानंतर बोलल्या नाहीत.

माझंही लग्न झालं आणि मी पिंपळे गुरवला राहायला गेलो. बायको चांगली मिळाली. एकदा तिने सहज विचारलं, की चिखलीच्या आक्कांकडे आपण का जात नाही? मी उत्तर टाळलं, पण पुढच्या गुरुवारी एकटाच गेलो.

आक्का ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होत्या. खूप वाळल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फॉर्मचं, खणाचं, बसथांब्यावरचं. मला वाटलं होतं त्या रडतील, शिव्या देतील, किंवा माझ्या डोक्यावर हात ठेवतील. खरं सांगायचं तर या शेवटच्यासाठीच मी गेलो होतो.

आक्कांनी कोथिंबिरीच्या काड्या गोळा केल्या, हात धुतले.

"ह्ये मला कशाला सांगतोस?"

"आक्का, मला झोप लागत नाही."

"न्हाई लागायची. माझं काय ग्येलं त्यात? मी म्हातारी. ज्यांचं ग्येलं त्यांना सांग. शामरावाला सांग, रोहिणीला सांग." पदराला हात पुसत त्या दारापर्यंत आल्या. "आन सांगून झालं की ये. तवर येऊ नगंस."

आवाजात राग नव्हता. त्यांनी मला पाणीसुद्धा दिलं. पण दार लावून घेतलं.

मी रोहिणीकडे गेलो नाही. तिच्या संसारात कशाला ढवळाढवळ, अशी स्वतःची समजूत घातली. सॅम्युएलचा नंबर माझ्याकडे होता. कितीतरी गुरुवारी मी निरोप लिहिला आणि पुसला. आठ महिन्यांनी आक्का गेल्या. मी दहाव्याला गेलो आणि मागे, बुटांच्या ढिगापाशी उभा राहिलो. रोहिणी आली होती. ती मला बघून ओळखीचं हसली आणि तिने डोळे पुसले. मी तिथून निघालो.

त्या दुपारी मात्र मी सॅम्युएलला फोन लावला. निदान बातमी तरी कळवायलाच हवी होती. तो दार-ए-सलामला एका बंदरावर इंजिनिअर आहे. आक्का गेल्याचं मी सांगितलं. तो हमसून हमसून रडला. रोहिणीबद्दल त्याने एकच विचारलं, बरी आहे का. मी म्हणालो, बरी आहे.

आता सांगायचं, असं मी ठरवलं. तोंड उघडलंही. पण तोच बोलू लागला. हिंदीत, अडखळत, पूर्वीपेक्षा जास्त चुका करत. म्हणाला, "सुधीरभाई, तुम्हाला मी कधी थँक्यू म्हणालो नाही. आक्कांनी मला निघताना सांगितलं होतं, की तुम्ही माझ्यासाठी फॉर्म भरला होता, मशीनने घोळ केला. त्या सगळ्यात माझ्यासाठी कुणीतरी काहीतरी केलं होतं, हे मला पुष्कळ पुरलं."

मी म्हणालो, "अरे, त्यात काय एवढं."