कमान पडल्यानंतरचे अण्णा

गीताचा फोन आला तेव्हा मी हेब्बाळच्या आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये ताट घेऊन रांगेत उभी होते. गीता म्हणजे अण्णांची मुलगी. ती मला सहसा फोन करत नसे. "मेधक्का, अप्पा गेले," ती म्हणाली. मागे रहदारीचा आवाज येत होता. "दुकानातच. स्टुलावर बसले, पाणी मागितलं... आणून देईपर्यंत संपलं होतं." मी ताट तिथेच ठेवून बाहेर आले. मला आधी रडू आलं नाही. वैशालीला हे कोण सांगणार, हाच विचार पहिल्यांदा मनात आला. त्याला आता काही आठवडे झाले, आणि अण्णांबद्दल कुणीतरी नीट लिहिलं पाहिजे असं रोज वाटत राहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

रंगोजीराव लाड हे त्यांचं पूर्ण नाव. बेंगळुरूच्या मराठी मंडळींत त्यांना सगळे अण्णाच म्हणत. त्यांचं घराणं इथे इतक्या पिढ्यांपासून होतं, की मूळ गाव कोणतं असं विचारलं तर ते हसून "हेच की" म्हणायचे. पंख्यांच्या एका कंपनीत त्यांनी विक्रीचं काम केलं, निवृत्त झाले, आणि मग आमच्या मराठी मंडळाच्या नाट्यमहोत्सवासाठी प्रायोजक मिळवण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं. ते काम दुसऱ्या कुणालाच नको असायचं. मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आले, नाटकाची आवड म्हणून मंडळात शिरले, आणि पहिल्याच वर्षी अण्णांनी मला बरोबर घेतलं. "मेधक्का, तुम्ही चला. बाई बरोबर असली की लोक बसा म्हणतात." वडिलांच्या वयाचा माणूस मला अक्का म्हणतो याचं सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं. नंतर सवय झाली.

त्यांच्याबरोबर मी चष्म्यांची दुकानं, कॉफी पावडरचे व्यापारी, दातांचे दवाखाने, क्लासेसची ऑफिसं पालथी घातली. त्यांची पद्धत साधी होती. ते कधी हातात पत्रक घेऊन आत शिरत नसत. आधी समोरच्याचं दुकान बघायचं, धंदा कसा चाललाय ते विचारायचं, मुलगा कुठल्या वर्गात, आईचे गुडघे कसे आहेत, सगळं कन्नडमध्ये, मध्येच तमिळमध्ये, मारवाडी व्यापारी असेल तर मोडक्या हिंदीत. आम्ही उठायला लागलो की दुकानदारच विचारायचा, "अण्णा, काही काम होतं का?" मग अण्णा पुन्हा बसायचे. "काम असं काही नाही, आमच्या पोरांनी नाटक बसवलंय..." त्या नाटकातलं एक अक्षरही त्या माणसाला कळणार नसायचं, पण तो हो म्हणायचा. महोत्सवाच्या दिवशी तो बायकोला घेऊन पहिल्या रांगेत बसायचा आणि अण्णा शेजारी बसून त्याच्या कानात गोष्ट सांगत राहायचे. मी विंगेतून पाहायची, रंगमंचावर विनोद झाला की क्षणभरानं ती रांग हसायची, अण्णांनी भाषांतर केल्यावर.

वैशाली आमच्यात आली ती नागपूरहून. नवरा प्रशांत आयटीत, तीही आयटीत. उंच, खणखणीत आवाजाची, तालमीत सगळ्यांची पाठांतरं एकटी सांभाळणारी. अण्णांचं आणि तिचं विशेष जमायचं, कारण ती त्यांच्याकडून हट्टानं कन्नड शिकत होती आणि तिचे नागपुरी हेल लावलेले कन्नड शब्द ऐकून ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे.

कमान पडली त्या वर्षी सभागृह मिळालं नाही, म्हणून महोत्सव हेब्बाळच्या एका मैदानावर मंडप घालून करायचं ठरलं. खर्च वाढला, आणि अण्णांनी पहिल्यांदाच एक मोठा प्रायोजक आणला. आनेकलच्या बाजूला घरांची मोठी योजना काढलेला एक बिल्डर. त्याचा जाहिरातीचा माणूस मैदान बघायला आला तेव्हा मीही होते. प्रवेशाची कमान त्याला बुटकी वाटली. "अण्णा, फ्लायओव्हर से दिखना चाहिए," तो म्हणाला. कमान वाढली. मग कमानीला मागून-पुढून बांधलेले दोर त्याच्या कंपनीच्या नावावरून आडवे जातात, फोटोत वाईट दिसतात, म्हणून पुढचे दोर सोडायला लावले. अण्णा जरा घुटमळले. मग "सरी", ठीक आहे, म्हणाले. समितीतल्या कुणी हरकत घेतली नाही. सगळ्यांना एवढी उंच कमान बघून आनंदच झाला होता.

दुपारी रंगीत तालीम चालू असताना वारा सुटला. मे महिन्यात इथे सुटतो तसा, धूळ उडवत, अचानक. वैशाली गजरे घ्यायला गेटपाशी गेली होती. मी रंगमंचावर होते. मला आधी खुर्च्या पडल्याचा आवाज आला असं वाटलं... धावत गेलो तेव्हा ती पालथी पडली होती, पाठीवर लोखंडी खांब आणि सगळ्यावर कमानीवरचं जाहिरातीचं रंगीत कापड, त्यावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. अण्णा खांबाखाली हात घालून एकटेच उचलू पाहत होते. सगळ्यांनी मिळून उचललं. वैशाली शुद्धीवर होती. "पाय कुठे आहेत माझे?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

प्रशांत आणि मी तिच्याबरोबर रुग्णवाहिकेतून गेलो. मागे जे झालं ते मला अण्णांनी नंतर एकदाच सांगितलं. रुग्णवाहिका मैदानाबाहेर पडते न पडते तोच बिल्डरची माणसं गाडी घेऊन आली. कुणाला लागलं, किती लागलं, विचारलं नाही. त्यांनी मंडपातले सगळे फलक उतरवले आणि पडलेल्या कमानीवरचं कापड ब्लेडनं कापून, गुंडाळून गाडीत टाकलं. तो जाहिरातवाला अण्णांजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "किसी ने फोटो तो नहीं लिया?" अण्णांच्या शर्टाच्या बाह्यांना तेव्हा वैशालीचं रक्त लागलेलं होतं.

वैशालीच्या मणक्याला मार बसला होता. ती जगली, पण कमरेखालचं शरीर कायमचं निकामी झालं. पोलिसांत जबाब द्यायची वेळ आली तेव्हा समितीची बैठक झाली आणि बहुतेकांचं मत पडलं, की वादळी वाऱ्यानं कमान पडली असं सांगावं. ते खोटंही नव्हतं. अण्णा सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाले, "वारा दरवर्षी येतो की. एवढी कमान यंदाच होती. उंच करा कोण म्हणालं, दोर सोडा कोण म्हणालं आणि त्याला हो कोण म्हणालं, ते मी सांगणार." आणि त्यांनी तसंच सांगितलं, स्वतःच्या नावासकट. बिल्डरच्या वकिलानं सगळी जबाबदारी मंडळावर ढकलली, मंडळानं मंडपवाल्यावर, आणि ते प्रकरण अजून कोर्टात आहे. समितीनं अण्णांचा राजीनामा मागितला नाही. त्यांना बैठकांचे निरोप यायचे बंद झाले, एवढंच.

त्यानंतरचे अण्णा बहुतेक लोकांना माहीत नाहीत. ते पुन्हा प्रायोजक शोधायला निघाले, यावेळी वैशालीच्या उपचारांसाठी. मी जमेल तेव्हा बरोबर जायची. तीच दुकानं, तीच माणसं, तशीच कॉफी. चष्म्यांच्या दुकानाचे मालक, दर वर्षी पहिल्या रांगेत बसणारे, सगळं ऐकून हळहळले. मग म्हणाले, "कार्यक्रम कधी आहे अण्णा?" कार्यक्रम नाही, असं अण्णांनी पुन्हा समजावलं. "ते समजलं. पण बोर्ड कुठे लागणार?" माणूस वाईट नव्हता. त्याला खरोखरच उलगडा होत नव्हता. बहुतेकांचं तसंच झालं. नाटकाला मदत करणं त्यांना जमत होतं, तिथे दिवे होते, लोक होते, शेवटी टाळ्या होत्या. एका बाईच्या पलंगाला मदत कशी करायची ते त्यांना कळत नव्हतं. बाहेर पडल्यावर अण्णा म्हणाले, "मीच शिकवलं त्यांना, बोर्ड मिळेल म्हणून."

एक मिठाईचा व्यापारी तयार झाला. त्यानं चाकांची खुर्ची द्यायचं कबूल केलं, पण स्वतः येऊन देणार आणि बरोबर फोटोग्राफर आणणार. अण्णांनी वैशालीला आधी विचारलं. ती म्हणाली, "येऊ द्या." ते लोक यायच्या आधी तिनं मला बोलावून घेतलं. "माझे केस नीट विंचर गं मेधा. लिपस्टिकही लाव थोडी. फोटो चांगला आला पाहिजे, म्हणजे अण्णांना पुढच्याकडे मागायला सोपं जाईल." फोटो काढताना त्या माणसानं तिला दोनदा हसायला सांगितलं. ती दोन्ही वेळा हसली. अण्णा गॅलरीत गेले आणि वाळत घातलेल्या कपड्यांकडे तोंड करून उभे राहिले. सगळे गेल्यावर मी त्यांना आत बोलवायला गेले तर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. स्वल्प थांबून येतो."

त्या दिवसानंतर ते कुणाकडेच गेले नाहीत. के. आर. पुरमला विजेच्या सामानाच्या एका दुकानात त्यांनी नोकरी धरली. या वयात पुन्हा पंखे विकायला उभे राहिले, आणि वैशालीला व्यायाम द्यायला येणाऱ्या बाईंचा खर्च स्वतः द्यायला लागले. गीताला ते कळलं तेव्हा ती मला फार बोलली. "तुम्ही लोक पुण्या-मुंबईहून येता, नाटक करता, जाता. आमच्या अप्पांना तुम्ही हे लावून दिलं. अम्मा आजारी होती तेव्हा ते विक्रीच्या दौऱ्यावर असायचे, मेधक्का. तिच्याजवळ ते असे कधी बसले नाहीत." तिचं बोलणं मी अण्णांच्या कानावर घातलं. ते फक्त म्हणाले, "बरोबर बोलते ती."

सुट्टीच्या दिवशी ते वैशालीकडे जायचे. प्रशांत दार उघडायचा आणि एक शब्दही न बोलता आतल्या खोलीत निघून जायचा. सुरुवातीपासून असंच चाललं होतं. अण्णांनी कधी त्याच्याशी बोलण्याचा प्रयत्न केला नाही आणि जायचंही थांबवलं नाही. वैशाली चिडचिडी झाली होती, कधी त्यांच्यावरही ओरडायची, म्हणायची, येऊ नका, तुम्हाला बघितलं की मला ती दुपार आठवते. ते मान डोलवायचे आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा यायचे. हळूहळू तिनं घरून ऑफिसचं काम सुरू केलं. मग एकदा मी गेले तेव्हा ती त्यांना कन्नडमध्ये काहीतरी रागावून सांगत होती, आणि ते तिचा एक शब्द दुरुस्त करत होते. आतल्या खोलीचं दार तेव्हाही बंदच होतं.

वैशालीला बातमी शेवटी मीच सांगितली. तिनं चाकांची खुर्ची खिडकीकडे वळवली. तिला अंत्यदर्शनाला जायचं होतं. अण्णांच्या घराचा जिना अरुंद, खुर्ची वर जाण्यासारखी नव्हती. मी प्रशांतला विचारलं, तू तरी येतोस का? "नाही जमणार मला," तो म्हणाला. जबरदस्ती करावी असं मला वाटलं नाही. मी एकटीच गेले. मंडळाकडून एक हार आला होता. चष्म्याच्या दुकानाचे मालक आले होते, एका कोपऱ्यात उभे राहून रडत होते.

दिवसकार्य झाल्यावर गीतानं मला बोलावलं. अण्णांच्या खोलीतलं कपाट तिनं उघडून दाखवलं. खालचा खण शालींनी भरला होता. प्रायोजकांच्या सत्कारासाठी घाऊक आणून ठेवलेल्या शाली, अजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. कमान पडल्यावर त्यांनी कुणालाच शाल पांघरली नव्हती, आणि टाकूनही दिल्या नव्हत्या. "काय करू यांचं?" गीता म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ होता. तिनं स्वतःच एक बाजूला काढली, उकलून पाहिली, पुन्हा घडी केली. "ही त्यांना द्या. वैशाली अक्कांना."

मी त्याच संध्याकाळी गेले. वैशाली पलंगावर होती. शाल कुठून आली ते सांगितल्यावर तिनं ती हातात घेतली, किनार बोटांनी चाचपली. मला वाटलं खांद्यावर घेईल. "पायांवर घाल," ती म्हणाली. "थंडी कळत नाही त्यांना. पण तिथेच घाल." मी तिच्याकडून शाल घेऊन उठले तोवर आतल्या खोलीचं दार उघडून प्रशांत बाहेर आला होता. त्यानं सगळं ऐकलं असणार. त्यानं माझ्या हातातून शाल घेतली, उघडली, आणि क्षणभर नाकाशी धरली. "डांबराच्या गोळ्यांचा वास आहे," तो म्हणाला. "उद्या धुतो." मग ती तशीच तिच्या पायांवर पसरली, आणि वाकून दोन्ही टोकं गादीखाली नीट खोचली.